मायच्या गालातला भात

भावाचा निरोप आला म्हणून माहेरी आले, तर मायच्या तोंडाचा वास मला ओसरीतच आला. उन्हात विसरलेल्या मासळीच्या टोपलीलाही इतकी घाण सुटत नाही. शी! आणि घरातले सगळे तिच्या खाटेजवळ बसून चहा पीत होते.

माझी माय म्हणजे आसगावची चंद्रभागाबाई. बाबा तलावात जाळं टाकायचे आणि ही डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासळी विकायची. जिभेला हाड नव्हतं तिच्या. कुणी मासळीला शिळी म्हणालं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. यंदा लकव्यानं उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. साखरेचा आजार तर जुनाच.

"घास घेत नाही आता. दात आवळून बसते. बुढी चालली वं, रंजू," माझा भाऊ देवानंद म्हणाला. त्यानं पाहुण्यांना निरोपही धाडले होते.

"तोंड कोन धुते तिचं?"

"मीच तं! रोज सकाळी गुडाखू लावून देतो. तिले आवडते न."

गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाचा काळा लगदा. आमच्याकडे बाया दात साफ होतात म्हणून तो हिरड्यांना चोळतात. लेक मोठ्या मायेनं बोट भरून पुढच्या दातांवर फिरवायचा. आणि चूळ? लकव्याच्या बाईला चूळ भरता येते का? मला संताप आला.

मी चमच्याच्या दांड्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि मायला कुशीवर वळवलं. वहिनीनं नाकाला पदर लावला. गाल चोळत बसले तेव्हा कुठे दातांत फट पडली. उजव्या गालात, जिथे तिला काही कळतच नव्हतं, भाताचा गोळा होता. काळपट, हिरवट, तार सुटलेला. आणि डावीकडे, जिथे तिला सगळं कळत होतं, सुजलेल्या हिरडीत मासळीचा काटा रुतला होता.

"मराचं नव्हतं रे तिले! दुखत होतं!" मी ओरडले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काटा काढला, औषध दिलं. ही घाण छातीत उतरली असती तर न्यूमोनियानं गेली असती, म्हणाल्या. जेवण झालं की दर वेळी तोंड पुसायचं. दुसऱ्या दिवशी मायनं वाटीभर पेज घेतली.

मला लाखनीला सासरी परतायचं होतं. निघण्याआधी मी फडकं देवानंदच्या हाती दिलं. त्यानं ते बोटाला गुंडाळून पार गालात घातलं, आणि तो धावत जाऊन मोरीत ओकला.

"मले नाही जमत वं. किळस येते."

"येऊ दे. मलेही येते. ओकून घे अन् ये."

बऱ्याच वेळानं तो हात धुऊन आला आणि खाटेवर बसला. गाल चोळायला मी पुढे झाले, पण गरज पडली नाही. मायनं त्याच्याकडे पाहिलं आणि आपणहून तोंड उघडलं. माझ्यासाठी तिनं ते एकदाही उघडलं नव्हतं.