प्रयोगशाळेतली ममी

शिरूरजवळच्या ज्या मिशनच्या शाळेत मी शिकले, तिथंच आता जीवशास्त्र शिकवते. प्रयोगशाळेच्या कपाटात, सागवानी पेटीत, वाळून काळं पडलेलं एक लहान मूल होतं. गुडघे पोटाशी घेतलेलं. कुणा गोऱ्या डॉक्टरानं ती ममी इजिप्तहून आणली, असं सगळे सांगायचे. विद्यार्थिनी असताना मी त्या कपाटाकडं पाठ करून बसत नसे. शिक्षिका झाल्यावर किल्ली माझ्याकडं आली, पण भीती गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. जुन्या अवशेषांतला डीएनए काढून ते माणूस मूळचं कुठलं, हे त्या शोधत. पेटी उघडताना मदतीला मीच उभी राहिले. त्यांनी एक दात काढला तेव्हा कट्‌ असा बारीक आवाज झाला. नंतर त्यांनी माझ्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतला. चुकून माझा डीएनए त्यात मिसळला तर ओळखता यावा म्हणून.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, आईकडून येणारा डीएनए तुमचा आणि त्या दाताचा सारखाच निघालाय. बहुतेक तुमचाच मिसळला असणार. कानाच्या आतल्या हाडातून परत बघते."

दुसऱ्यांदाही तेच निघालं. शिवाय तो डीएनए जुना, तुटका होता, माझा असणं शक्य नव्हतं. मूल इजिप्तचं नव्हतं, आपल्याकडचंच होतं. मुलगी होती.

"मग माझी कोण?" मी विचारलं.

"घाबरू नका. आईकडची ही शाखा इकडं पुष्कळ लोकांत सापडते. जवळचं नातं सांगण्याइतका डीएनए उरलेला नाही."

त्या रविवारी मी दौंडला आईकडं गेले. ती मेथी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"माझी आजी, माझ्या आईची आई, दुष्काळात मिशनीत आली, तवा एकली न्हवती," ती म्हणाली. "धाकटी भन होती संगं. ती आजारली आन् गेली. कुठं पुरली, ते आजीला कुणी सांगितलंच न्हाई."

"हे कधी बोलली नाहीस तू."

"काय बोलायचं? आन् ती कपाटात हाय, असं मला ऐकायचं न्हाई."

त्यानंतर प्रयोगशाळेचं कुलूप काढताना मला घाम फुटायचा. आधी ती उठून बसेल असं वाटायचं. आता ती मला ओळखेल असं वाटू लागलं. शेवटी तिला पुरू द्या म्हणून मी शाळेच्या समितीकडं गेले. बरेच आढेवेढे घेऊन ते तयार झाले.

आई येणार नव्हती, पण सकाळच्या एसटीनं आली. दफनभूमीत पेटी मीच उचलली. ती इतकी हलकी होती, की आत काही आहे ना या धास्तीनं मी वाटेत थांबले.

"नाव काय घ्यायचं?" पाळकांनी विचारलं.

आईनं पदर तोंडाला लावला होता. "आजीची धाकटी भन म्हना," ती म्हणाली. "नसली तरी चालंल."

परतताना स्टँडवर आम्ही चहा घेतला. तिला कप नीट धरता येईना, म्हणून मी खालून बशी धरली.