आडनाव आधी

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. गाव मात्र त्यांना डॉक्टर म्हणतं. जाफराबादेतल्या एका दवाखान्यात त्यांनी उभं आयुष्य कंपाउंडर म्हणून काढलं. केसपेपर लिहायचा, गोळ्या पुडीत बांधायच्या, म्हातारीला दोनदा समजावून सांगायचं. एसटी स्टँडवर अजूनही कुणीतरी "रामराम डॉक्टर" म्हणतं आणि आबा हात वर करतात. त्यांच्याकडे कागद म्हणाल तर दहावीची मार्कशीट. मी युक्रेनच्या युनिव्हर्सिटीत सहा वर्षं घासून डॉक्टरकीची डिग्री मिळवली आणि तरी कितीतरी दिवस मला नावाआधी 'डॉ.' लावायची बंदी होती. लोक याला गंमत म्हणतात. मला ती गंमत अजून कळलेली नाही.

पाचव्या वर्षाला होतो तेव्हा तिकडे युद्ध सुरू झालं. फोनवर आबा एकच वाक्य परत परत बोलत होते, "कपडे ऱ्हाऊ दे बाबा, कागदं घे." मी बॅग हॉस्टेलवर टाकली आणि फाइल स्वेटरच्या आत घालून सीमा ओलांडली. उरलेला अभ्यास घरी, मोबाइलसमोर बसून झाला. डिग्री कुरिअरने आली. आईने ती देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं. त्यावरचं नाव नीट वाचलं मात्र कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

बाहेरून शिकून आलेल्यांना इथे पुन्हा एक परीक्षा द्यावी लागते. दुसऱ्या खेपेला मी ती पास झालो. आता फक्त नोंदणी, मग एखाद्या सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप, मग मी डॉक्टर. एवढंच उरलं होतं. सगळे कागद घेऊन मी मुंबईला मेडिकल कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसाने माझी बारावीची मार्कशीट आणि डिग्री शेजारी शेजारी ठेवली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे दोघे कोण?"

आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. डिग्री देणाऱ्यांनी पहिला शब्द नाव धरला आणि शेवटचा आडनाव. म्हणजे माझं आडनाव हे माझं नाव झालं, आणि आबांचं नाव माझं आडनाव. सहा वर्षं तिकडचे प्राध्यापक मला आडनावाने हाक मारत होते. आपल्याकडे मास्तर मारतात तशीच, म्हणून मला कधी खटकलंच नाही. एवढा शहाणा मी.

"साहेब, मीच आहे तो," मी म्हणालो.

"तुम्ही तुम्हीच आहात, हे आधी सिद्ध करा," तो म्हणाला. वाईट वाटून नाही, चिडूनही नाही. पुढच्याला हाक मारता मारता म्हणाला.

घरी येऊन मी युनिव्हर्सिटीच्या प्रवेश अर्जाची जुनी झेरॉक्स शोधून काढली. अक्षर ओळखीचं होतं. जन्मभर केसपेपरवर आडनाव आधी लिहिणाऱ्या माणसाने माझा अर्जही तसाच भरला होता, प्रत्येक अक्षर चौकोनात कोरल्यासारखं. आबांनी तो कागद बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाले, "मी तर बराबर लिव्हलं होतं." मी झेरॉक्स त्यांच्या हातातून घेऊन फाइलीत ठेवली. आपलेच दात, आपलेच ओठ. पण राग आला होता, खोटं कशाला बोलू. इतका राग मला त्या युद्धाचाही आला नव्हता.

युनिव्हर्सिटीला मेल पाठवत राहिलो. युनिव्हर्सिटी आता दुसऱ्याच गावी हलली होती. फार दिवसांनी तिथल्या एका बाईंचं उत्तर आलं. जुनं रेकॉर्ड ज्या इमारतीत होतं ती आता उभी नाही, तुमची डिग्री दुरुस्त करता येत नाही, माफ करा, आणि तुम्ही सुखरूप आहात ना? तो मेल मी प्रिंट करून मुंबईला नेला. खिडकीतला माणूस म्हणाला, याच्यावर शिक्का नाही.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. माझ्या बाबतीत सहा महिनेही कमी पडले. मिळत आलेली इंटर्नशिपची जागा गेली. दवाखान्यात आबांच्याच स्टुलावर बसून मी केसपेपर लिहायला लागलो, कारण घरी बसलं की आई चोरून रडायची. पेशंट मला डॉक्टर म्हणायचे. सुरुवातीला मी म्हणायचो, "नाही हो, मी अजून डॉक्टर नाही." आष्टीकडचा एक पाहुणा सोयरिकीचं बोलायला आला होता, त्याने हे ऐकलं. जाताना तो आबांना म्हणाला, "पोरगं शिकून आल्तं ना? मंग असं काहून करून राह्यलं?" तो परत आला नाही. पुढे मी पेशंटना 'नाही' म्हणणं सोडून दिलं.

वाट शेवटी जालन्याच्या कोर्टाबाहेर सापडली. तिथे झाडाखाली प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या माणसाने माझी सगळी फाइल उभ्या उभ्या चाळली.

"डिग्री बदलत न्हाई ना?"

"नाही."

"मंग माणूस बदला. राजपत्रात देऊन टाका, आजपासून माझं नाव डिग्रीवर हाये तेच. जल्दी होईल."

मला हसू आलं आणि लगेच थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. पण तो म्हणत होता ते बिलकुल खरं होतं. कागदाला हात लावता येत नव्हता, मला लावता येत होता. आबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. "म्हंजे आपलं आडनाव गेलं," एवढंच म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मी म्हणालो, आबा, गेलं नाही, फक्त पुढे सरकलं. तेही हसले नाहीत, मीही नाही.

राजपत्रात नाव छापून आलं. आधार बदललं, पॅन बदललं. मुंबईच्या खिडकीने मार्कशीट आणि डिग्री शेजारी ठेवली, त्यांवर राजपत्र ठेवलं, मान हलवली, आणि एकदाचं घोडं गंगेत न्हालं. मला एका सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप मिळाली. छातीवर बिल्ला आला. डॉ., आणि शेवटी आबांचं नाव.

त्याच दवाखान्यात या वर्षी आबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आदल्या सकाळी वॉर्डातल्या सिस्टर संमतीपत्र घेऊन आल्या. नातेवाइकाची सही पाहिजे. मी म्हणालो, द्या, मी मुलगा. त्यांनी केसपेपर पाहिला, मग माझा बिल्ला.

"सर, आडनाव वेगळं हाये. मुलगा कसं लिहू? वरून विचारतात हो."

मी राजपत्राची गोष्ट सांगायला लागलो. ती आता मला पाठ आहे, पोपटासारखी. अर्ध्यावर आलो असेन, तेवढ्यात कॉटवरून आबा बोलले.

"सिस्टर, वळखीचे डॉक्टर म्हून लिवा. ह्यायच्या कागदाला पुन्हा काई लचांड नको लागाया."

आबा मला कधी 'डॉक्टर' म्हणाले नव्हते. मी म्हणालो, "आबा, तुम्ही गप बसा." ते सिस्टरकडेच बघत राहिले. कागद कसा भरायचा हे आपल्याला चांगलं कळतं, अशा नजरेने.

सिस्टरनी नात्याच्या रकान्यात 'परिचित' लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. सहीत आबांचंच नाव होतं.