घुमणारा सूर

गाण्यांचं मिक्सिंग करणाऱ्या या माणसाला सगळे कानसेन म्हणत आणि हा शहाणा त्यावर खूश असे. बेस गिटारचा एखादा सूर नको तितका घुमू लागला, की त्याला पकडायची त्याची रीत ठरलेली. इक्वलायझरवर, म्हणजे हवे ते सूर कमीजास्त करायच्या यंत्रावर, एक अरुंद पट्टा मुद्दाम वर चढवायचा आणि एकेका सुरावरून सरकवत न्यायचा. दोषी सूर सापडला की स्पीकर बोंबलतात. मग तोच पट्टा खाली दाबायचा. हे एकट्याने करायचं काम तो वाजवणाऱ्याला शेजारी बसवून करी. समोरच्याचा चेहरा पडलेला बघायला त्याला मनापासून आवडायचं.

त्या दिवशी शेजारी सख्खा थोरला भाऊ होता. दादाची बोटं आजारातून नुकतीच सावरली होती. हे रेकॉर्डिंग जमलं तरच बँडमधली त्याची जागा राहणार होती, आणि बँडवाले मागेच उभे होते. कानसेनाने पट्टा चढवला. खालचा एक सूर खोलीभर घुमला.

“ऐकलंस? बोटांत जोरच नाही तुझ्या. तार नीट दाबली जात नाही.”

“अरे, घरी असं नाही होत. दुसरीकडे कुठेतरी ऐकून बघ ना एकदा.”

“आता तू मला शिकवणार?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आठवड्याभरात बँडने दादाला नारळ दिला.

पुढे भिंतीला ओल आली म्हणून कानसेनाने टेबल कोपऱ्यातून हलवलं. नव्या जागी बसून सहज दादाचा मूळ ट्रॅक लावला, तर घुमणं गायब! घुमत होता तो कोपरा. दादाची बोटं ठणठणीत होती. कानसेनाने झटकन ट्रॅक बंद केला, पण दादाच्या काळजीने नव्हे. हे बाहेर फुटलं तर आपली काय शोभा होईल, याची धास्ती. नालायक माणूस, दुसरं काय म्हणणार!

नेमका त्याच संध्याकाळी दादा गिटार घेऊन आला. वहिनीने बळेच पाठवलं होतं.

“दुसऱ्या एका बँडने विचारलंय. हो म्हणू का? तू सांगशील ते खरं.”

दादा वाजवत होता आणि कानसेन डोळे मिटून ऐकत होता. एकही सूर डगमगला नाही.

“नको दादा,” तो म्हणाला, “लोक हसतील.”

दादाने मान डोलावली. “बरं झालं तुला विचारलं,” म्हणाला, आणि घरी जाऊन त्याने गिटारच्या तारा काढून टाकल्या.