खारट ताक आणि मोडलेला नवस

नवस मोडला म्हणून मी वाचले, असं सांगितलं की बायका अजून कानांवर हात ठेवतात. ठेवू देत. घडलं ते असं.

दुष्काळाच्या साली माझी मुलगी तीन वर्षांची होती. तिच्या वेळी मी घरातच बाळंत झाले. रक्त इतकं गेलं की गोधडी पिळावी लागली. दूध थेंबभर आलं नाही. पोर शेळीच्या दुधावर वाढली. तेव्हापासून मी पांढरीफटक. भर उन्हात थंडी वाजायची, भरली कळशी उचलवायची नाही. राहुरीच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, रक्ताच्या बाटल्या लावल्या. थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. "रक्त वाढत का नाही, कळत नाही," ते म्हणाले. पोर आता सावत्र आईच्या हाती जाणार, हे मी मनात धरून चालले होते. देवावरही भरवसा उरला नव्हता. तरी नवरात्रात पाथर्डीकडच्या डोंगरावर देवीपुढे घटी बसले. घट उठेपर्यंत देवळातच राहायचं आणि उपास करायचा. वर मी मीठही सोडलं. नवस जितका कडक तितकी देवी लवकर ऐकते, अशी माझी समजूत.

दोन-तीन दिवसांनी शेजारची बाई पाळी आली म्हणून रडत देवळाबाहेर गेली. मी म्हटलं, "मला न्हाई बाई ती भीती. पोर झाल्यापास्नं पाळीच न्हाई."

पलीकडे श्रीगोंद्याकडची एक जाडजूड बाई जप करत होती. तिची माळ थांबली.

"अंगावर दूध आलं हुतं का गं?"

"न्हाई."

"बाळंतपनात रक्त लई गेल्तं?"

"व्हय. तुमाला कुनी सांगितलं?"

"माझ्या जावंचं अस्संच हुतं! पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात गोळ्या दिल्या, आता ऊस खुरपती. ऊठ!"

उठले आणि तिथंच कोसळले. शुद्ध आली तेव्हा तिनं मीठ घातलेलं ताक ओठांना लावलं होतं. मी दात आवळले.

"नवस मोडंल!"

"मोडू दे. देवी कोपली तर माझ्यावर कोपंल, मी बघून घेती तिला. पी, मुडद्ये!"

प्यायले. अंगात जीव आल्यासारखं झालं. निरोप धाडून तिनं माझ्या मालकांना बोलावलं आणि सगळ्यांदेखत झापलं, "देवळात बसवलीस, आता दवाखान्यात बसव."

पुण्याच्या डॉक्टरांनी तेच प्रश्न विचारले. म्हणाले, मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, रक्त फार गेल्यानं ती सुकली. तिचा हुकूम बंद पडला म्हणून दूध आलं नाही, पाळी थांबली, रक्तही तयार होत नव्हतं; अंगातलं मीठही घटत होतं, आणि मी नेमकं तेच सोडलं होतं. गोळ्या जन्मभराच्या. पण काय सांगू, बघता बघता पायांत ऊब आली! बाटलीशिवाय रक्त वाढलं! कळशी डोक्यावर घेऊन मी विहिरीवरून आले, तेव्हा पोर टाळ्या पिटत पुढं पळत होती.

पुढच्या नवरात्रात खण-नारळ घेऊन त्या बाईला शोधलं. सापडली नाही. नावही विचारलं नव्हतं. देवीच होती, असं लोक म्हणतात. मला ठाऊक नाही. देवी इतक्या शिव्या देत नसावी. एवढं मात्र कळलं की नवस म्हणून मी देवीला अट घातली होती. ताकाच्या त्या घोटाबरोबर अट सुटली, हात जोडलेलेच राहिले.

आता मुलगीच मला देवीला नेते. मी आधी गोळी घेते, मग मीठभाकर खाते, आणि भरल्या पोटानं देवीपुढे बसते.