मला न दिसलेला रंग

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर सांगितलं नसतं, हेही खरंच.

मी केमिस्ट होतो. औषधाच्या दुकानातला नव्हे, दूध तपासणारा. शिरूरला बी.एस्सी. केलं आणि नव्वदच्या दशकात दौंड तालुक्यातल्या एका खासगी शीतकरण केंद्रात लागलो. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं, थंड होऊन पुण्याला जायचं. मधे मी. कॅनचं झाकण उघडलं की नुसत्या वासावरून दूध कधीचं ते सांगायचो, थेंब नखावर घेऊन पाणी ओळखायचो. ड्रायव्हर लोक म्हणायचे, साहेबाच्या नाकाला लायसन पायजे. ही बढाई समजू नका. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे.

पण डोळे? डोळ्यांचं काय सांगू? मला रंग कळत नाहीत. सगळेच नाही — लाल, तपकिरी, हिरवा, फिका गुलाबी यांची माझ्याकडे सरमिसळ होते. पिकलेला टोमॅटो मी आजही दाबून घेतो. कॉलेजात प्रॅक्टिकलला शेजारच्या मुलाकडे बघून रीडिंग लिहिली आणि फर्स्ट क्लास घेऊन बाहेर पडलो. रंग न दिसणारा केमिस्ट! हसू येतं ना? सुरुवातीला मलाही यायचं.

नोकरीत सुमनबाई भेटल्या. दहावी झालेल्या, दौंडहून येणाऱ्या, काचेची भांडी धुवायला ठेवलेल्या. उन्हाळ्यात दूध आंबायला लागलं की काही लोक त्यात सोडा टाकतात, म्हणजे आंबटपणा लपतो. तो पकडायची टेस्ट अगदी सोपी. नळीत दूध, तेवढंच स्पिरिट, वरून रोझॉलिक ॲसिडचे चार थेंब. चांगलं दूध तपकिरी होतं, सोड्याचं गुलाबी-लाल. शाळेतलं पोर सांगेल. मला सांगता यायचं नाही. म्हणून मी नळी सुमनबाईंपुढे धरायचो आणि मास्तराच्या थाटात विचारायचो, सांगा बघू, कसला रंग? त्या सांगायच्या. मी मान डोलवून रजिस्टरात लिहायचो. चार वर्षं हे चाललं. लोकांना कौतुक — साहेब बाईला शिकवतायत!

मग एका मे महिन्यात त्या भावाच्या लग्नाला रजेवर गेल्या. नेमका त्याच दिवशी मॅनेजर माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. कुठल्यातरी गावचं दूध सोड्याचं आहे अशी पुण्याहून ओरड आली होती. त्याला नळीतलं काही कळत नव्हतं, त्याला उत्तर हवं होतं. समोर खुटबावच्या पलीकडल्या एका धनगरवस्तीचे कॅन होते. अकरा घरांचं दूध, सगळी एकाच भावकीतली. ते घेऊन यायचे धोंडीबाआबा. त्यांचे वडील मेंढरांमागं हिंडले. आबांनी वस्तीत गाई आणल्या, भाऊ-पुतणे एका जागी धरून ठेवले.

मी नळी हलवली. रंग आला. कसला? — मला काय माहीत! नेहमीपेक्षा गडद वाटला, एवढंच. मॅनेजर म्हणाला, काय? मी म्हणालो, सोडा.

सगळं दूध गटारात गेलं. आबा हात जोडून म्हणाले, "साहेब, येकदा परत बघा की. सोडा म्या भज्यात बी खात न्हाई." परत काय बघणार होतो मी, त्याच डोळ्यांनी? गरज नाही म्हणालो, आणि दूध सोड्याचं असल्याचा कागद सही करून दिला.

इथवर कदाचित चूक म्हणता येईल. पुढचं चूक नाही.

दोन दिवसांनी सुमनबाई आल्या. फ्रीजमध्ये त्या दुधाची बाटली ठेवलेली होती. त्यांनी रजिस्टर वाचलं आणि मला न विचारता टेस्ट लावली. नळी घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, ह्यो तर तपकिरी हाय." मग अगदी हळू म्हणाल्या, "तुम्हाला दिसत न्हाई, मला पैल्या महिन्यातच कळलंय. म्या कुणाला बोलनार न्हाई. पर आबाला तेवढं सांगा."

त्या माझ्यावर दया करत होत्या, आणि मला त्याचाच राग आला. मी नळी हिसकावली, नळाखाली धरली. बाटलीतलं उरलेलं दूधही बेसिनमध्ये ओतलं. आणि चार वर्षं ज्या बाईला अहो-जाहो केलं तिला म्हणालो, "तू भांडी धुवायला आहेस. भांडी धू." त्यांनी बाटली घेतली आणि धुतली. पुढेही त्या मला रंग सांगत राहिल्या — माझ्याकडे न बघता.

आबा परत आले ते दिवाळीच्या आधी. दूध आणलं नव्हतं, नुसतेच आले. स्टुलावर टेकून सांगत बसले. माझा कागद घेऊन त्यांनी अकराही घरांना बिरोबाच्या देवळात बोलावलं होतं. प्रत्येकाला भंडारा उचलायला लावला. हळद मुठीत घेऊन देवापुढं शपथ — तिथं खोटं बोलायची कुणाची छाती होत नाही. अकराही घरांनी उचलला. म्हणजे कुणीच सोडा टाकला नव्हता. पण कागद म्हणत होता, टाकलाय.

आबांनी कागदावर विश्वास ठेवला. "मानूस देवाफुडं खोटं बोलंल साहेब, पर तुमचं श्यास्त्र कशाला खोटं बोलंल?" सगळ्यात धाकट्या भावाच्या, सखारामच्या घरात धुण्याच्या सोड्याची पुडी निघाली. कुणाच्या घरात नसते? पण तेवढं पुरलं. खोटा भंडारा उचलला म्हणून भावकीनं त्याच्या घराशी संबंध तोडले. तो गाई विकून बायको-पोरांसह कारेगावला गेला, कुठल्याशा कंपनीत माल चढवतो म्हणे. भाद्रपदात आई वारली तेव्हा आला होता. आबांनी त्याला तिरडीला खांदा लावू दिला नाही. याच भावाला त्यांनी खांद्यावर बसवून वाढवलं होतं.

सुमनबाई मागं बेसिनपाशी उभ्या होत्या. नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आत्ता बोललो तर नोकरी जाईल, लोक हसतील — हाच विचार डोक्यात होता. कारेगाव तिथून किती लांब? सकाळी निघालो असतो तर दुपारी सखारामच्या दारात उभा असतो.

आबा उठले. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "त्या दिशी तुमच्यावर इश्वास न्हाई ठेवला. परत बघा म्हनलो. माफी करा, साहेब."

मी म्हणालो, "असू द्या, आबा." आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.