ताडावरचा राखणदार

आमच्या किहीमच्या वाडीत माड पुष्कळ, पण ताड एकच, विहिरीकडच्या कोपऱ्यात. त्याची वाळकी पानं खाली लोंबत राहतात नि वारा सुटला की खडखडतात. वाडीतली एक खोली आम्ही पर्यटकांना देतो. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, कुणी पत्रे वाजवतंय का?" झालं! आमच्या ह्यांनी नारळ काढणाऱ्या गड्याला सोमवारी बोलावलं. म्हणे, सगळी वाळकी पानं उतरवायची.

आता आली का पंचाईत! त्याच पानांखाली ताडपाकोळीचं घरटं होतं. मला कसं कळलं, सांगते. मी ओटीवर बसून ह्यांच्या उशीत सावरीचा कापूस भरत होते. उडालेला कापूस ही एवढीशी पाकोळी हवेतच टिपायची नि थेट त्या पानाखाली शिरायची. थुंकीने चिकटवते तो पानाला. मग काय, मी मुद्दामच फुंकून उडवायला लागले. उशी राहिली निम्मीच.

माझी भाची पुण्याला पक्ष्यांचा अभ्यास करते. तिला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, जगाच्या यादीत ही 'काळजी नको' या वर्गात आहे. भरपूर आहेत."

हे शेजारीच बसलेले. "ऐकलंस? शास्त्रच सांगतंय, काळजी नको!"

"जगात असतील हो भरपूर," मी म्हटलं, "आपल्या ताडावर एकच जोडी आहे."

सोमवारी गडी कोयता कमरेला खोचून ताडाला भिडला. पुरुषभर वर गेला असेल, नि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, उतर! त्या ताडावर राखणदार आहे!"

गडी सरसर खाली. "काकू, आधी का न्हाय सांगितलंत?"

"नुकताच आलाय."

हे जन्मभर शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं देत आलेले. असे संतापले! "राखणदार कसला? पक्षी आहे तो! साधा पक्षी!"

गड्याने ताडाला हात जोडले. "व्हय मास्तर. पक्ष्याच्या रूपानं आलाय."

पुढे ह्यांनी जेवढं समजावलं, तेवढा त्याचा विश्वास पक्का होत गेला.

पिल्लं उडून गेली, तेव्हा मलाच वाईट वाटलं. गड्याला गाठून सगळं खरं सांगितलं, "मी थाप मारली रे. उतरव आता पानं." तो कान धरून म्हणाला, "काकू, तुमच्याकडनं त्यानंच वदवलं. मी कोयता लावायचा न्हाय." दुसरा कुणी चढायला येईना, कारण ह्याने गावभर सांगून ठेवलेलं.

पानं आहेत तिथेच आहेत. पाकोळ्या पुन्हा आल्यात, ह्या खेपेला दोन जोड्या. गडी दर सोमवारी ताडाखाली नारळ ठेवून जातो. हे राखणदार मानत नाहीत, पण त्या नारळाची चटणी दोनदा मागून घेतात. नि उशी पातळ का झाली, ते अजून विचारतात.