राजेंचा कोट

कपडा घट्ट झाला की टेलरबाई शिवण उसवून आत राखलेली जादा कापडाची माया सोडत, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाई. वजन वाढलंय का, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. घरच्या कुत्र्याची तर गोष्टच सोडा.

यजमानांनी वारण्याआधी ते पिल्लू बाईंच्या ओटीत घातलं होतं. नाव राजे, आणि थाटही तसाच. साय राजेंची, बिस्किटं राजेंची, बाईंच्या ताटातला पहिला घासही राजेंचाच. थंडीचा कोट घट्ट झाला, बाईंनी माया सोडली. ती संपली तेव्हा पोटाशी पट्टी जोडली. लेकराने अंग धरलंय, म्हणायच्या. धाकटे दीर म्हणाले, आता कोट कसला वहिनी, तंबूच शिवा. बाईंनी ते हसण्यावारी नेलं.

मग एक दिवस दुकानावरच्या घराकडे जाताना राजे जिन्यातच बसले. धाप थांबेना, जीभ निळी पडली.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि कोटाची पट्टी चिमटीत धरली. "बाई, आजार हाच आहे. असंच खाऊ घातलंत तर याचं हृदय दगा देईल."

बाई देवापुढे बसल्या. ह्यांची एवढी एकच खूण उरलीय, म्हणाल्या, ती माझ्याच हातून जाऊ देऊ नकोस. उठल्या त्या कंबर कसूनच. बिस्किटांचा डबा दिरांच्या खोलीत गेला. राजेंना डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच खाणं, आणि सकाळ-संध्याकाळ फेरी. मशीनच्या पायाशी बसून राजे असे बघत की दगडाला पाझर फुटावा. बाई टिपेवरची नजर हलवत नसत. कोपऱ्यावरच फतकल मारणारे राजे हळूहळू बाईंनाच ओढायला लागले.

पुन्हा थंडी आली. कोट घातला तर गोणपाटासारखा लोंबला. बाईंनी पट्टी काढली, शिवण आत घेतली, आणखी आत घेतली. कोट चढवताच राजे धडधडत जिना चढले आणि वरून भुंकू लागले. बाई अजून खालच्याच वळणावर होत्या. तिथेच उभ्या राहून त्यांनी डोळे मिटून हात जोडले.

त्याच आठवड्यात धाकटे दीर पँट घेऊन आले. कंबरेत जरा सैल करून हवी होती. बाईंनी घडीसुद्धा मोडली नाही.

"शिवण उसवणं बंद केलंय, भावोजी. तो डबा परत द्या, आणि उद्या सकाळी राजेंबरोबर फिरायला निघा."